महासाथीतील खंड आणि बालकांची शिसे-तपासणी
(शिक्षकांसाठी अभ्यासपाठ)

शाळा-तपासणीच्या वेळी विद्यार्थ्यांच्या आरोग्य-नोंदीची वही पाहण्याचा प्रघात आहे. मध्यंतरी एका शाळेत ही वही चाळीत असता सन २०२०-२१ ची पाने कोरी आढळली. त्याच्या आदल्या वर्षी चष्म्याची गरज असलेल्या व अंगात रक्त कमी असलेल्या काही विद्यार्थ्यांची नावे नीट लिहिलेली होती. पुढल्या वर्षी एकही नाव नव्हते. वर्षअखेरच्या गोषवाऱ्यात मात्र ‘दोष आढळलेले विद्यार्थी : ०’ असे लिहिलेले होते. मुख्याध्यापकांनी हे शून्य कोणाच्या डोळ्यांत धूळ फेकण्यासाठी लिहिले नव्हते. रकाना रिकामा ठेवू नये, एवढ्याच शिस्तीने ते लिहिले गेले होते. तपासणी झालीच नाही, म्हणून दोष आढळला नाही, हे शब्दशः खरेही आहे. परंतु पुढे ती वही हाती घेणारा मनुष्य त्या शून्याचा अर्थ ‘त्या वर्षी सर्व मुले निरोगी होती’ असाच घेणार.

‘दोष नाही’ आणि ‘दोष पाहिला नाही’ या दोन गोष्टींतील अंतर दाखविणे, हा या पाठाचा हेतू आहे. त्यासाठी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील एक उदाहरण अभ्यासासाठी घेतले आहे. तेथे लहान मुलांच्या रक्तातील शिशाची नित्य तपासणी होते. २०२० सालच्या कोविड-१९ च्या महासाथीत ती खंडित झाली आणि त्या खंडात किती मुले नजरेआड राहिली असतील, याचा हिशेब तेथील आरोग्य खात्याने प्रसिद्ध केला. उदाहरण परदेशाचे असले, तरी शिसे आपल्या गावांतही आहे, आणि कोरी पाने आपल्या वह्यांतही आहेत.

१. शिसे आणि बालक

शिसे हा जड, मऊ व सहज वितळणारा धातू आहे. बॅटरी, डाख, काही रंग व काही भांड्यांवरील मुलामा यांत त्याचा उपयोग होत आला आहे. मनुष्याच्या शरीराला लोह, कॅल्शियम, जस्त यांची गरज असते. शिशाची गरज मुळीच नसते. ते शरीरात गेले की काही अंशी कॅल्शियमसारखे वागते. त्यामुळे कॅल्शियमच्या जागी ते हाडांत साठते आणि मेंदूच्या पेशींच्या कामातही अडथळा आणते.

लहान मुलास शिशापासून अधिक भय असण्याची कारणे तीन. पहिले असे की, मूल रांगते, जमिनीवर खेळते आणि हाती येईल ती वस्तू तोंडात घालते. त्यामुळे धुळीतील शिसे त्याच्या पोटात सहज जाते. दुसरे असे की, प्रौढ मनुष्याच्या तुलनेत बालकाचे शरीर पोटात गेलेल्या शिशापैकी चार ते पाच पट अधिक भाग शोषून घेते, आणि आहारात लोह व कॅल्शियम कमी असल्यास हे शोषण आणखी वाढते. तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे आहे. पहिल्या काही वर्षांत मेंदूची घडण चालू असते, आणि त्या काळात झालेली हानी पुढे भरून काढता येत नाही. बुद्धीची वाढ, लक्ष एकाग्र करण्याची शक्ती, वाचन-लेखनाची गती व वर्तन यांवर शिशाचा परिणाम होतो. रक्तातील शिशाची अमुक मात्रा निर्धोक आहे, असे वैद्यकशास्त्रास आजवर सांगता आलेले नाही.

येथे शिक्षकांनी एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. रक्तातील शिसे फार वाढले तर पोटात कळा येणे, उलट्या, झटके येणे अशी लक्षणे दिसतात. परंतु बहुसंख्य मुलांत प्रमाण त्याहून बरेच कमी असते आणि तेव्हा कोणतेही लक्षण दिसत नाही. मूल हसते, खेळते, जेवते. आईला काही जाणवत नाही व डॉक्टरला नुसते पाहून काही कळत नाही. हा दोष केवळ रक्त तपासूनच ओळखता येतो.

२. नित्य तपासणी कशासाठी?

ज्या विकाराचे दुखणे जाणवते, त्यासाठी रोगी आपण होऊन दवाखान्यात जातो. ज्याचे दुखणे जाणवत नाही, त्याच्यासाठी ठरलेल्या वयात व ठरलेल्या वेळी, तक्रार असो वा नसो, सर्वांची तपासणी करावी लागते. हीच नित्य तपासणी होय.

अमेरिकेत घरांच्या भिंतींना व खिडक्यांना शिसेयुक्त रंग लावण्याची चाल दीर्घकाळ होती. १९७८ साली घरगुती वापरासाठी अशा रंगावर बंदी आली. परंतु त्यापूर्वी बांधलेली घरे तशीच राहिली. रंग जुना झाला की त्याचे पापुद्रे सुटतात, खिडकीच्या उघडझापीने त्याची धूळ होते आणि ती मुलांच्या हाताला लागते. याखेरीज जुने शिशाचे नळ, दूषित माती व काही वस्तू हेही शिशाचे उगम आहेत. म्हणून तेथील मेडिकेड या, अल्प उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठीच्या सरकारी वैद्यकीय साहाय्य योजनेत प्रत्येक बालकाचे रक्त १२ व्या व २४ व्या महिन्यात तपासावे, असा नियम आहे. प्रथम बोटाला टोचून थेंबभर रक्त घेतात. प्रमाण अधिक आढळल्यास शिरेतून रक्त घेऊन खात्री करतात. त्यानंतर आरोग्य कर्मचारी घरी जाऊन शिसे कोठून येते याचा शोध घेतात.

याच नियमाला एक पुरवणी आहे. २४ ते ७२ महिने वयाच्या ज्या मुलाच्या नावे पूर्वीच्या तपासणीची नोंद सापडत नाही, त्याची तपासणी त्या वेळी करावी, असे ती सांगते. नोंद नसणे म्हणजे दोष नसणे, असे येथे मानलेले नाही. कोरा रकाना म्हणजे ‘हे मूल तपासावयाचे राहिले आहे’ अशी सूचना, असे मानले आहे. नोंदवही ठेवणाऱ्या प्रत्येकाने हे तत्त्व आपलेसे करावे.

नित्य तपासणीचा उपयोग एका मुलापुरता नसतो, हे पुढील घटनेवरून दिसेल. २०२३ साली नॉर्थ कॅरोलायना राज्यात काही मुलांच्या नेहमीच्या तपासणीत शिसे वाढलेले आढळले. घरातील रंग व पाणी यांत कारण सापडेना. अधिक शोध घेता, मुले खात असलेल्या सफरचंदाच्या गराच्या पुड्यांत मिसळलेल्या दालचिनीत शिसे असल्याचे निष्पन्न झाले. तो माल बाजारातून परत घेण्यात आला. पुढे देशभरांतून या पुड्यांशी संबंधित अशा ५०० हून अधिक संशयित वा निश्चित रोग्यांची नोंद झाली. त्या मुलांस एरवी कोणताही त्रास जाणवत नव्हता. ठरलेल्या वयात ठरलेली तपासणी झाली नसती, तर त्या पुड्या आणखी कित्येक घरांत खाल्ल्या गेल्या असत्या.

३. २०२० साली काय घडले?

२०२० च्या मार्च महिन्यापासून अमेरिकेत कोविड-१९ ची साथ पसरली. लोकांना घरी राहण्यास सांगण्यात आले. पालकांनी लहान मुलांना दवाखान्यात नेण्याचे टाळले, कारण तेथे संसर्गाचे भय होते. अनेक डॉक्टरांनी मुलांना दूरध्वनीवरून व संगणकाच्या पडद्यावरून तपासण्यास आरंभ केला. माता व बालके यांच्या पोषण योजनेची केंद्रे अनेक ठिकाणी शिसे-तपासणीचेही काम करीत असत; तेथेही लाभार्थींना प्रत्यक्ष न बोलावता कामकाज चालविण्याची मुभा देण्यात आली. घरोघर जाऊन शिशाचा उगम शोधणारे आरोग्य कर्मचारी साथीच्या कामाला जुंपले गेले, आणि परक्या माणसाने घरात येणे कुटुंबांनाही नकोसे झाले.

यांतील प्रत्येक निर्णय त्या वेळी समंजसपणाचाच होता. परंतु त्या सर्वांचा परिणाम एकाच ठिकाणी एकवटला. पडद्यावरून मुलाची चौकशी करता येते, आईला सल्ला देता येतो. पडद्यावरून रक्ताचा थेंब घेता येत नाही. आपणही त्याच वर्षी भ्रमणध्वनीवरून पाढे म्हणवून घेतले, परंतु मुलाचे बोट धरून अक्षर गिरवून घेणे काही साधले नाही. त्या अनुभवावरून हा मुद्दा शिक्षकांस सहज उमगेल.

यात आणखी एक विपरीत गोष्ट घडली. अमेरिकेतील बालकांना शिशाचे भय मुख्यतः जुन्या घरांतून असते, आणि साथीमुळे मुले दिवसचे दिवस त्याच घरांत राहिली. घरी असलेल्या काही वडीलधाऱ्यांनी रिकाम्या वेळात घराची डागडुजीही काढली. जुना रंग कोरडा खरवडला की त्याची धूळ घरभर उडते. म्हणजे ज्या काळात धोका वाढण्याचा संभव होता, त्याच काळात धोका मोजण्याचे साधन हातातून गेले.

४. न सापडलेल्या मुलांचे गणित

अमेरिकेच्या रोगनियंत्रण व प्रतिबंध केंद्राने २०२१ च्या फेब्रुवारीत एक अहवाल प्रसिद्ध केला. राज्यांच्या व स्थानिक अशा एकूण ३४ आरोग्य खात्यांकडून आलेल्या आकड्यांवर तो आधारलेला होता. सहा वर्षांखालील किती मुलांची तपासणी झाली, याबाबत २०१९ चे जानेवारी ते मे हे महिने आणि २०२० चे तेच महिने यांची त्यात तुलना होती.

तुलनेत असे दिसले की, २०२० च्या त्या पाच महिन्यांत ४,८०,१७२ मुलांची तपासणी कमी झाली. ही घट शेकडा ३४ होती. तपासलेल्या मुलांपैकी सुमारे शेकडा २ मुलांत शिशाचे प्रमाण वाढलेले असते, असे धरून अहवालाने पुढील अनुमान काढले :

४,८०,१७२ × २ ÷ १०० = सुमारे ९,६०३

म्हणजे सुमारे ९,६०३ मुले अशी की, त्यांच्या रक्तात शिसे वाढलेले असूनही ते कोणाला कळले नाही.

हे उदाहरण सहावी-सातवीच्या वर्गात शेकडेवारी शिकविताना अवश्य घ्यावे. त्यातून विद्यार्थ्यांच्या मनावर दोन गोष्टी ठसतील. पहिली अशी की, नुसते आढळलेले रोगी मोजून कधी कधी उलटा निष्कर्ष निघतो. २०२० साली शिसे वाढलेली मुले कमी सापडली, एवढेच कोणी वाचले तर त्यास शिसे कमी झाले असे वाटेल. वस्तुतः शोधणारे हात कमी झाले होते. म्हणून ‘किती सापडले?’ या प्रश्नाबरोबर ‘किती तपासले?’ हा प्रश्न विचारलाच पाहिजे. दुसरी गोष्ट अशी की, हे अनुमान आहे, मोजणी नव्हे. न तपासलेली मुले तपासलेल्या मुलांसारखीच होती, हे त्यात गृहीत धरले आहे. ती मुले अधिक काळ जुन्या घरांत कोंडलेली असल्यास खरा आकडा याहून मोठाही असू शकेल. अनुमान व मोजणी यांतील भेद वर्गात स्पष्ट करून सांगावा.

५. खंडानंतर आलेल्या अडचणी

साथ ओसरली की राहिलेले काम भरून काढता येईल, असे सर्वांस वाटते. या उदाहरणात तसे घडणे कठीण का होते, हे पाहण्यासारखे आहे.

पहिली अडचण वयाची. एका वर्षाच्या मुलाचे रक्त एका वर्षीच तपासण्यात अर्थ असतो, कारण तेव्हा उगम सापडला तर पुढील हानी टळते. २०२० च्या वसंत ऋतूत एक वर्षाचे असलेले मूल २०२५ च्या वसंतात सहा वर्षांचे झाले. ७२ महिन्यांपर्यंत राहिलेली तपासणी भरून काढण्याची जी सोय नियमात आहे, तिची मुदतही त्याच्यापुरती संपली.

दुसरी अडचण खुद्द तपासणीची आहे. नवे शिसे शरीरात जाणे थांबले की रक्तातील प्रमाण हळूहळू उतरू लागते. मुलाने जागा बदलली, ते मोठे झाले, वस्तू तोंडात घालण्याची सवय सुटली, की उशिरा केलेल्या तपासणीत आकडा कमी दिसतो. मेंदूवर झालेला परिणाम मात्र त्या आकड्याबरोबर ओसरत नाही. तेव्हा उशिराची तपासणी आज काय आहे ते सांगते. दोन वर्षांपूर्वी काय होते ते सांगत नाही.

तिसरी अडचण साधनांची आली. बोटाच्या थेंबावरून जागच्या जागी शिसे मोजणारे एक प्रचलित साधन प्रत्यक्षाहून कमी आकडे दाखवीत असल्याचे आढळल्यामुळे २०२१ साली त्याचे संच परत घेण्यात आले. काही मुलांची तपासणी त्यामुळे पुन्हा करणे भाग पडले, आणि साथीतून सावरू पाहणाऱ्या कामाला दुसरा धक्का बसला.

चौथी गोष्ट निकषाची. २०१२ पासून रक्ताच्या दर १०० मिलिलिटरमध्ये ५ मायक्रोग्रॅम शिसे असल्यास ते वाढलेले समजत. (मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग.) २०२१ च्या ऑक्टोबरात ही मर्यादा ३.५ मायक्रोग्रॅमवर आणण्यात आली. नव्या मर्यादेने पाहिले, तर २०२० मध्ये न सापडलेल्या मुलांची संख्या ९,६०३ हून अधिकच भरेल.

घडी एकदा विस्कटली की ती साथीबरोबर सावरतेच असे नाही, आणि ती विस्कटण्यास साथच हवी असेही नाही. २०२५ च्या आरंभी विस्कॉन्सिन राज्यातील मिलवॉकी शहरात एका बालकाच्या रक्तातील शिशाचा माग काढता काढता अधिकारी त्याच्या शाळेच्या इमारतीपर्यंत पोहोचले. जुन्या रंगाची धूळ हे कारण निघाले आणि काही शाळा दुरुस्तीसाठी तात्पुरत्या बंद ठेवाव्या लागल्या. शहराने केंद्रीय रोगनियंत्रण संस्थेकडे तज्ज्ञांचे साहाय्य मागितले होते. परंतु त्याच वर्षीच्या एप्रिलात त्या संस्थेतील शिसेविषयक विभागाचे कर्मचारी कामावरून कमी करण्यात आले आणि शहराची मागणी नाकारली गेली. शाळेची इमारत हीच धोक्याचे स्थान ठरू शकते, हा या घटनेचा आपणांस विशेष बोध आहे.

६. आपल्याकडील स्थिती

आपल्या देशात प्रत्येक बालकाच्या रक्तातील शिसे ठरलेल्या वयात तपासण्याची देशव्यापी पद्धत नाही. परंतु म्हणून शिसे नाही, असे नव्हे. युनिसेफ व प्युअर अर्थ या संस्थांनी २०२० च्या जुलैत प्रसिद्ध केलेल्या अहवालात, जगातील सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात ५ मायक्रोग्रॅम वा अधिक शिसे असावे असा अंदाज दिला असून, त्यांपैकी सुमारे २७.५ कोटी मुले भारतातील असावीत असे म्हटले आहे. अमेरिकेत तपासणीचा रकाना पाच महिने अर्धवट राहिला. आपल्याकडे तो आखलेलाच नाही.

काही चांगली पावले आपल्या देशानेही टाकली आहेत. २००० साली शिसेयुक्त पेट्रोल देशभर बंद झाले. घरगुती व सजावटीच्या रंगांत दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा अधिक शिसे असू नये, असा नियम २०१६ साली होऊन १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आला. तथापि, त्यापूर्वी रंगविलेली दारे, खिडक्या, बाके, घसरगुंड्या व झोपाळे अजून आपल्या शाळांत आहेत.

शालेय आरोग्य-तपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्याच राज्यात पालघर येथे सुरू झाला. त्यानुसार फिरत्या वैद्यकीय पथकाने अंगणवाडीस वर्षातून दोनदा व शाळेस एकदा भेट द्यावयाची असते. जन्मजात व्यंगे, पोषणद्रव्यांची कमतरता, बालपणीचे आजार आणि वाढीतील विलंब यांची पाहणी त्यात होते. शिसे त्यात मोजले जात नाही. परंतु अंगातील रक्ताची कमतरता व वाढीतील विलंब या शिशाशी संबंध असलेल्या दोन गोष्टी त्यात पाहिल्या जातात. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. ग्रामीण भागातील पहिली ते चौथीचे वर्ग १ डिसेंबर २०२१ रोजी पुन्हा उघडले. मधल्या काळात शाळेतील तपासणी होणे शक्य नव्हते, आणि अंगणवाड्यांतील वजन-उंचीच्या नोंदीही ठिकठिकाणी तुटल्या. २०१८ व २०१९ साली जन्मलेली मुले त्या वेळी एक-दोन वर्षांची होती. आज ती आपल्या प्राथमिक शाळेत बसत आहेत.

७. शिक्षकांनी काय करावे?

रक्त तपासणे हे शिक्षकाचे काम नाही. अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलास ‘याला शिसे बाधले असेल’ असे म्हणणे तर सर्वस्वी अयोग्य होय. मागे पडण्याची कारणे अनेक असतात, आणि मुलावर असा शिक्का बसला की तो पुसणे कठीण जाते. परंतु पुढील गोष्टी शिक्षकाच्या हातच्या आहेत.

(अ) नोंदी. ज्या वर्षी तपासणी झाली नाही, त्या वर्षीच्या रकान्यात शून्य लिहू नये. ‘तपासणी झाली नाही’ असे स्पष्ट लिहावे. गोषवाऱ्यात ‘पट’, ‘तपासलेले विद्यार्थी’ व ‘दोष आढळलेले विद्यार्थी’ असे तीन आकडे शेजारी शेजारी द्यावेत. पथकाच्या भेटीच्या दिवशी गैरहजर असलेल्या विद्यार्थ्यांची यादी त्याच दिवशी करावी आणि तिची एक प्रत प्राथमिक आरोग्य केंद्रास पाठवावी. ऊसतोडीस वा वीटभट्टीस गेलेल्या कुटुंबांतील मुले या यादीत वारंवार येतात. ती परत आली की त्यांची तपासणी प्रथम व्हावी.

(आ) अंगणवाडीशी संबंध. पहिलीत नाव दाखल करताना अंगणवाडीतील वाढीची नोंद मागवून घ्यावी. ती अपुरी असल्यास तसा उल्लेख करून ते मूल पथकास आवर्जून दाखवावे.

(इ) गावातील उगम. पुढील स्थळी मुले वावरतात काय, याकडे लक्ष ठेवावे : जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे वितळविण्याची जागा, डाख देण्याचे दुकान, किनारपट्टीवरील गावांत जाळ्याला बांधावयाच्या शिशाच्या गोळ्या ओतण्याची जागा. कल्हईच्या कथिलात शिशाची भेसळ असू शकते. पारंपरिक शेंदूर हे शिशाचेच एक संयुग आहे; मारुतीच्या मूर्तीला हात लावल्यावर तो हात तोंडात जाऊ नये, हे मुलांना श्रद्धेला धक्का न लावता समजावून सांगता येते. हळदीला चकचकीत पिवळा रंग यावा म्हणून शिशाचे क्रोमेट मिसळण्याचे प्रकार दक्षिण आशियात उघडकीस आले आहेत; यास्तव फार भडक रंगाची सुटी हळद घेऊ नये, असे पालकसभेत सांगावे. काही प्रकारच्या सुरम्यातही शिसे असते. ज्यांतील घटक ठाऊक नाहीत अशी भस्मे वा चूर्णे मुलांना देऊ नयेत.

(ई) शाळेची रंगरंगोटी. हे काम सुटीत करावे. जुना तैलरंग कोरडा घासू वा खरवडू नये. तो ओला करून काढावा, पापुद्रे गोळा करून पिशवीत बांधावेत आणि जागा ओल्या फडक्याने पुसावी. रंग खोलीतून गेला म्हणून तो अंगणात झाडून टाकू नये, कारण मुले तेथेच खेळतात. नवा रंग घेताना डब्यावर शिशाविषयी दिलेला मजकूर पाहून घ्यावा.

(उ) हात धुणे व आहार. मध्यान्ह भोजनापूर्वी साबणाने हात धुण्याचा नेम कधीही मोडू देऊ नये. वर्ग कोरडा झाडण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसणे बरे. पोट भरलेले असल्यास व आहारात लोह आणि कॅल्शियम पुरेसे असल्यास शिसे कमी शोषले जाते. नाचणी, पालेभाज्या, डाळी व दूध यांचे महत्त्व सांगताना हेही कारण सांगावे. माती खाण्याची सवय असलेले मूल आढळल्यास त्याला रागावू नये. ती सवय रक्ताच्या कमतरतेचे चिन्ह असू शकते. तेव्हा त्याला आरोग्य केंद्रात दाखवावे.

(ऊ) संशय आल्यास. एखाद्या मुलाच्या घरी बॅटरीचे वा शिसे वितळविण्याचे काम चालत असेल, तर पालकांशी एकान्तात व आपुलकीने बोलावे. त्यांच्या पोटापाण्याचा प्रश्न त्यात असतो, हे विसरू नये. काम घरापासून दूर करणे, कामाचे कपडे वेगळे ठेवणे, आंघोळ करूनच मुलाला उचलून घेणे, इतके झाले तरी पुष्कळ झाले. मुलाच्या रक्ततपासणीविषयी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांस लेखी कळवावे. शिसे वाढलेल्या बहुतेक मुलांसाठी उगम दूर करणे व आहार सुधारणे हाच मुख्य उपाय असतो. शिसे काढून टाकणारी औषधे फार वाढलेल्या प्रमाणातच आणि रुग्णालयाच्या देखरेखीखाली देतात. घरगुती उतारे करू नयेत.

समारोप

साथ पुन्हा येऊ शकते. पूर, दुष्काळ, स्थलांतर अशा अन्य कारणांनीही शाळा व दवाखान्याचा नित्यक्रम मोडू शकतो. तो मोडूच नये, हे आपल्या हाती नाही. परंतु मोडला तेव्हा कोणती मुले राहिली, हे लिहून ठेवणे आपल्या हाती आहे. अमेरिकेतील त्या ९,६०३ मुलांची नावे कोणाला ठाऊक नाहीत. ती केवळ हिशेबाने निघालेली संख्या आहे. आपल्या शाळेचा पट मात्र साठ-सत्तर मुलांचा असतो, आणि त्यांतील प्रत्येकाचे नाव आपणांस तोंडपाठ असते. तरी येत्या पंधरवड्यात प्रत्येक शिक्षकाने आपल्या वर्गातील सर्व मुलांच्या आरोग्य-नोंदी पाहाव्यात, ज्यांचे रकाने कोरे आहेत त्यांची यादी करावी आणि ती केंद्रप्रमुखांकडे द्यावी.

शिक्षण परिषदेत चर्चेसाठी प्रश्न

१. ‘दोष आढळला नाही’ व ‘तपासणी झाली नाही’ यांतील भेद आपल्या शाळेच्या नोंदवहीतील एक उदाहरण घेऊन स्पष्ट करा.
२. ४,८०,१७२ ही घट शेकडा ३४ असेल, तर २०१९ च्या त्याच पाच महिन्यांत सुमारे किती मुले तपासली गेली असतील? (उत्तर : सुमारे १४ लाख १२ हजार.) हे उदाहरण कोणत्या इयत्तेस व कसे शिकवाल?
३. उशिरा केलेल्या रक्ततपासणीत शिसे कमी दिसले, तरी हानी झाली नाही असे का म्हणता येत नाही?
४. आपल्या गावात शिशाचे संभाव्य उगम कोणते आहेत? त्यांपैकी शाळेच्या आवारात कोणते आहेत?
५. आपल्या शाळेतील २०१८ व २०१९ साली जन्मलेल्या विद्यार्थ्यांपैकी किती जणांची अंगणवाडीतील वाढीची नोंद पूर्ण आहे? अपुरी असलेल्यांसाठी आपण काय योजिले आहे?